बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीतली गोळी

पतसंस्थेत कॅश काउंटरवर मी बावीस वर्षं बसलोय. संध्याकाळी रोकड जुळली नाही, असं वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी व्हायचं, तेही पाच-दहा रुपयांनी. २०२२ च्या जुलैत एकाच आठवड्यात तीन वेळा रोकड चुकली. पाचशेच्या नोटांचं बंडल मशीनमध्ये घालायचो, आकडा दिसायचा, आणि तो लिहायला पेन उचलेपर्यंत डोक्यातून गेलेला असायचा. पुन्हा बंडल मशीनमध्ये. काचेपलीकडे खातेदार ताटकळत उभा. एकदा दोन हजार कमी भरले, ते मी खिशातून घातले आणि घरी बोललो नाही.

त्याआधीचे दोन महिने पहाटे तीनला जाग येत होती. एकदा जाग आली की छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं वाटायचं, ते उजाडेपर्यंत. सकाळी कराडच्या प्रीतिसंगमावर फिरायला जायचा माझा वर्षानुवर्षांचा नेम होता, तो आपोआप सुटला. जेवणाची चव गेली. लेक कॉलेजमधून आली की काहीतरी सांगत राहायची, मी मान डोलवायचो, पण तिचं बोलणं आतपर्यंत पोचायचं नाही. लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे रडणं. मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. "आपण नसतो तर घरच्यांचं ओझं तरी कमी झालं असतं" असा विचार रोज यायला लागला, तेव्हा मात्र मी घाबरलो आणि एका रात्री बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, दिवा लावला, आणि म्हणाली, "उद्या सुट्टी टाका."

कराडमध्ये डॉक्टर नव्हते असं नाही. पण काउंटरवर बसणाऱ्या माणसाला अर्धं गाव ओळखतं. म्हणून आम्ही एसटीने साताऱ्याला गेलो. पुढे जे जे घडलं त्याची सुरुवात या लपवाछपवीतच होती, म्हणून हे आधी सांगतोय.

तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी पाऊण तास घेतला. नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. मरणाचे विचार येतात का, हे त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, आणि तसं विचारल्यामुळेच मला खरं बोलता आलं. नंतर त्यांनी असे प्रश्न विचारले ज्यांचा तेव्हा मला अर्थ लागला नाही. आयुष्यात कधी याच्या उलट झालंय का? चार-पाच दिवस झोपच नको, अंगात भलताच उत्साह, पैशांची उधळपट्टी, बोलणं थांबत नाही, असं? घराण्यात कुणाला? तसं असेल तर ते बायपोलर असू शकतं, आणि तशा माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर तो एकदम दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो, हे त्यांनी नंतर समजावलं. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण थायरॉईड कमी असला तरी माणूस असाच मरगळतो. माझी बीपीची गोळी चालू होती, म्हणून ईसीजी काढला. दारू किती, तंबाखू किती, झोपेची गोळी कधी घेतली होती का, सगळं विचारलं. वैद्याचा काढा चालू असेल तर तोही सांगा म्हणाल्या.

गोळी लिहून दिली एस्सिटालोप्रॅम. पहिला आठवडा पाच मिलिग्रॅम, मग दहा. सकाळी नाष्ट्यानंतर. सोबत रात्री क्लोनाझेपाम, पाव मिलिग्रॅमची, आणि तिच्यापुढे ठळक अक्षरात लिहिलं: "फक्त १४ दिवस". त्या म्हणाल्या, "सवय लागते ती या दुसरीची. पहिल्या गोळीला काम करायला वेळ लागतो, तोवर झोपेसाठी हिचा आधार. ही चालू असेपर्यंत गाडी चालवू नका." आमच्याच शाखेत एक जण झोपेची गोळी पाच वर्षं मेडिकलमधून परस्पर आणून घेत होता. लोक डिप्रेशनच्या गोळीला भितात आणि जिला भ्यायला हवं तिची चौकशीही करत नाहीत.

मग मॅडम माझ्या बायकोकडे वळल्या. त्यांचं हे बोलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, डोकेदुखी आणि अस्वस्थता वाढू शकते, दोन ते चार आठवड्यांनी फरक जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला सहा-आठ आठवडे लागतात. अंगात हालचालीचं बळ आधी येतं आणि मन उशिरा उभारी धरतं, म्हणून सुरुवातीच्या काळात माणसाकडे जास्त लक्ष द्यायचं. पंचविशीच्या आतल्या मुलांच्या बाबतीत तर फारच. मरणाची भाषा, एका जागी बसवत नाही अशी तगमग, किंवा झोप नसतानाही भलता उत्साह, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. गोळ्या एकदम महिन्याच्या न देता पंधरा दिवसांच्याच दिल्या, आणि त्या घरात बायकोच्या ताब्यात राहतील असं ठरलं.

घरी आल्यावर आईचा प्रश्न आला. "वेड्याच्या डॉक्टरकडे गेला होतास?" असं ती म्हणेल, या भीतीने मी एक उद्योग केला. स्ट्रिपमधून गोळ्या काढून बी-कॉम्प्लेक्सच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. आईला सांगितलं, अशक्तपणा आहे. गोळ्याही साताऱ्याहूनच आणायच्या, आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नाही. तिथले काका मला लहानपणापासून ओळखतात. केस पेपर पतसंस्थेच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात.

पहिला आठवडा खरंच कठीण गेला. सकाळी पोह्यांचा वास आला तरी पोटात ढवळायचं. तोंडाला कोरड. हात थरथरतात असं वाटून मी दोनदा बीपी मोजून आलो. सहाव्या दिवशी बायकोला म्हणालो, हे काही आपल्याला झेपत नाही. तिने मॅडमना फोन लावला. उत्तर साधंच होतं: पोटभर नाष्टा करून मग घ्या, पाणी पीत राहा, अजून चार दिवस बघा. चार दिवसांनी मळमळ गेली. मन मात्र तसंच. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तर घड्याळात साडेपाच वाजले होते. तीन नव्हे, साडेपाच. आणि सप्टेंबरच्या शेवटी कधीतरी लेक काहीतरी सांगताना मी हसलो. ती बोलता बोलता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

नोव्हेंबरमध्ये शाखेच्या जिन्यावरून पाय घसरून पडलो आणि खांदा दुखावला. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "दुसरी काही औषधं चालू?" सोबत आमचा शिपाई आला होता. मी म्हणालो, "बीपीची एक, बाकी काही नाही." त्यांनी दुखण्याची गोळी दिली, पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल एकत्र असलेली. ती मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घेतली. काकांना माझी दुसरी गोळी माहीत असायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीन गोळ्या पोटात गेल्या होत्या. सात वाजता जुलाब सुरू झाले. मग घाम. थंडीच्या दिवसांत बनियन पिळून काढावं इतका घाम. छातीत धडधड, हाताला कंप, आणि पाय आपोआप हलत होते, दाबून धरले तरी थांबत नव्हते. काही सुचत नव्हतं, एकाच वेळी उठावंसंही वाटायचं आणि पडावंसंही. भावाने गाडी काढली.

दवाखान्यात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता. त्याने डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, मग माझं पाऊल हातात धरून घोट्यातून वर ढकललं. पाऊल त्याच्या हातात आपोआप टकटक उडत राहिलं. त्याने ते दोनदा करून बघितलं आणि म्हणाला, "कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? सगळ्या दाखवा." बायकोने पर्समधून बाटली काढून दिली. त्याने ती हातावर ओतली. पांढऱ्या, गोल गोळ्या, वर नाव नाही, स्ट्रिप नाही. बाटलीवर बी-कॉम्प्लेक्स. तो बाटलीकडे बघतोय, बायको माझ्याकडे. तिला ती "साताऱ्याची गोळी" म्हणूनच माहीत होती. केस पेपर पतसंस्थेत, आणि पतसंस्था बंद.

मी भावासमोर म्हणालो, "डिप्रेशनची आहे. एस्सिटालोप्रॅम, दहा." एवढं बोलायला मला किती बळ लागलं ते सांगता येणार नाही. त्या घामेजलेल्या अवस्थेत नाव तोंडात आलं नसतं तर काय, हा विचार आजही येतो.

याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. माझी गोळी मेंदूत सेरोटोनिन जास्त वेळ टिकवून ठेवते. ट्रामाडॉल दुखणं मारते, पण तीही सेरोटोनिन वाढवते. दोघी एकत्र आल्या की एखाद्याच्या शरीरात ते प्रमाणाबाहेर जातं. घाम, कंप, जुलाब, धडधड, आणि तो घोट्याचा झटका ही त्याची चिन्हं. वेळेवर औषधं थांबवली तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतं, पण ताप फार वाढला, अंग ताठरलं तर जिवावर बेततं. माझं सौम्यावर निभावलं. रात्रभर सलाईन, एक इंजेक्शन, ट्रामाडॉल कायमची बंद, आणि मॅडमशी फोनवर बोलून माझी गोळीही दोन दिवस थांबवून मग पुन्हा सुरू.

पुढच्या भेटीत मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून दिलं की कोणत्या गोष्टी विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. ट्रामाडॉल. खोकल्याची डेक्स्ट्रोमेथॉर्फॅन असलेली औषधं, जी आपण दुकानातून सहज आणतो. अर्धशिशीच्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या. लिनेझोलिड नावाचं अँटिबायोटिक. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, कारण या गोळीबरोबर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी काही औषधंही असतात, म्हणून कुठल्याही नव्या गोळीआधी विचारायचं. दुखण्यावर साधी पॅरासिटामॉल चालेल, ठरल्या मात्रेत. आणि माझ्या आईच्या वयाच्या माणसाला ही गोळी दिली, त्यातून लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल, तर रक्तातलं सोडियम तपासावं लागतं, कारण ते उतरलं की म्हातारी माणसं गोंधळतात, पडतात.

बाटली त्या दिवशी फेकली. गोळ्या स्ट्रिपमध्येच ठेवायच्या, नाव आणि तारीख दिसेल अशा कापायच्या. पाकिटात एक चिठ्ठी ठेवली: गोळीचं नाव, मात्रा, कधीपासून, बीपीची गोळी, मॅडमचा नंबर. आईला मी स्वतः सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझे आजोबा असेच खांबाला टेकून बसायचे रे. आम्ही म्हणायचो, आळशी झाले." पुढे काही बोलली नाही. मीही नाही.

कोपऱ्यावरच्या काकांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, आणि तेव्हापासून घरातल्या कुणासाठीही खोकल्याचं औषध मागितलं तरी ते आधी विचारतात, "तुला आहे का दुसऱ्याला?"

एवढं होऊनही मी दुसरी चूक केलीच. तीही लपवण्यातूनच, फक्त यावेळी खुद्द मॅडमपासून. या गोळीने शरीरसंबंधाची इच्छा कमी होते, किंवा सगळं फार लांबतं. माझं तसं झालं होतं. मॅडम प्रत्येक भेटीत "बाकी काही त्रास?" विचारायच्या, आणि बाईमाणसासमोर मी "काही नाही" म्हणायचो. बायको कधी काही बोलली नाही, त्याचंच मला जास्त लागायचं. शिवाय आता बरं वाटत होतं. रोकड रोज जुळत होती. २०२३ च्या जानेवारीत संक्रांतीनंतर मी मनानेच गोळी बंद केली.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी काउंटरवरून मान वळवली आणि डोक्यात वीज सळसळल्यासारखं झालं. क्षणभरच. मग पुन्हा. डोळे इकडून तिकडे फिरवले तरी झर्रकन व्हायचं. चक्कर, चिडचिड, रात्री भयंकर खरीखुरी वाटणारी स्वप्नं. लेकीवर विनाकारण ओरडलो. माझ्या मनात एकच आलं: सवय लागली, आता आयुष्यभराची गुलामी. लोक म्हणत होते तेच खरं.

पाचव्या दिवशी बायकोने स्ट्रिप मोजली. गोळ्या जास्त उरल्या होत्या. तिने काही न विचारता मॅडमना फोन लावून माझ्या हातात दिला.

मॅडमनी सांगितलेलं जमेल तसं सांगतो. सवय म्हणजे गोळीची ओढ लागणं, मात्रा वाढवत नेणं, मिळाली नाही तर कासावीस होऊन शोधत फिरणं. माझं तसं होत नव्हतं, उलट मी ती आनंदाने सोडली होती. पण काही महिन्यांत मेंदू त्या गोळीच्या अंगाने स्वतःला बसवून घेतो. ती एकदम काढली की त्याचा तोल जातो, त्याचे हे हिसके. हे काही दिवसांतच सुरू होतं, अंगाला जाणवणारं असतं, आणि गोळी पुन्हा सुरू केली की लवकर शमतं. आजार उलटला तर तो सहसा आठवड्या-महिन्यांनी, हळूहळू, आधीच्याच वाटेने येतो: पहाटेची जाग, चव जाणं. हा फरक कळला नाही की माणूस एकतर घाबरून गोळी कधीच सोडत नाही, नाहीतर धसमुसळेपणाने सोडून पुन्हा खड्ड्यात जातो.

मग मी खरं कारण सांगितलं. फोनवर समोर चेहरा नव्हता म्हणून जमलं. त्या म्हणाल्या, "हे पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर यावर उपाय आहेत. मात्रा बघता येते, गोळी बदलता येते. हा त्रास खूप जणांना होतो, पुरुषांना, बायकांनाही." आम्ही थोडं थांबायचं ठरवलं. काही महिन्यांनी तो त्रास बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. सगळ्यांचं असं होईलच असं नाही, आणि ज्याला सहन होत नाही त्याने सहन करूही नये, बोलावं.

गोळी पुन्हा सुरू केल्यावर चार दिवसांत हिसके थांबले. मार्चपर्यंत मी पूर्ण बरा होतो, आणि मॅडमनी तिथून दिवस मोजायला सुरुवात केली. बरं वाटायला लागल्यावरही सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची, कारण लवकर सोडली तर आजार उलटायची शक्यता जास्त. सोबत महिन्यातून दोनदा समुपदेशकाकडे जात होतो. गोळीने झोप दिली, डोकं दिलं. पण रोकड एकदा चुकली म्हणजे आपण नालायक, हे जे माझ्या मनात वर्षानुवर्षं घट्ट बसलेलं होतं, ते उकलायला बोलावंच लागलं. याच काळात बायकोने टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर चिकटवला. मानसिक त्रासात फोनवर मदत देणारी केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही. आम्हाला लागला नाही, पण तो तिथे आहे याचा तिला धीर होता.

एखाद्या दिवशी गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची. दुसऱ्या दिवसाची वेळ झाली असेल तर विसरलेली सोडून द्यायची, दोन एकदम नाहीत. भाच्याच्या लग्नात पाहुण्यांनी ग्लास पुढे केला तेव्हा "औषध चालू आहे" एवढं म्हणालो. कोणतं, ते कुणी विचारलं नाही.

सोडायला २०२४ चा जानेवारी उजाडला. दहावरून पाच, सहा आठवडे. मग पाचची अर्धी. गोळीच्या मध्ये जी बारीक रेघ असते तिच्यावर मेडिकलमधल्या छोट्या कटरने दाब दिला की दोन तुकडे होतात. पहिले काही तर भुगाच झाले. रोज सकाळी मी कटर घेऊन खिडकीपाशी बसायचो, आणि आई तिच्या गोळ्यांचा डबा घेऊन समोर. अर्धीवर आल्यावर डोक्यात पुन्हा बारीक झर्र झालं. मॅडम म्हणाल्या, शेवटच्या पायऱ्याच अवघड असतात, आणखी तीन आठवडे इथेच थांबा, कुणी मागे लागलेलं नाही. थांबलो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गोळी बंद झाली. काही जणांना यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि काही जणांनी ती वर्षानुवर्षं घेणंच योग्य असतं. दोन-तीनदा आजार उलटलेल्यांनी माझ्याकडे बघून आपली गोळी सोडू नये.

उरलेल्या गोळ्यांवर शाखेतल्या एकाचा डोळा होता. "तशाच वाया जाणार, मला दे, माझंही हल्ली मन लागत नाही." मी दिल्या नाहीत. मॅडमनी मला विचारलेले ते सगळे प्रश्न त्याला कोण विचारणार होतं? त्याला साताऱ्याचा पत्ता दिला, आणि पहिल्या वेळी सोबतही गेलो.

शेवटच्या भेटीत मॅडमनी माझ्याच शब्दांत परतीच्या खुणा लिहून घेतल्या होत्या. तो कागद बायकोने कपाटाच्या दाराला आतून लावलाय. पहाटे तीनची जाग. रोकड चुकणं. लेकीचं बोलणं न पोचणं. यातलं काहीही दोन आठवडे टिकलं तर फोन. नोव्हेंबरमध्ये सलग पाच रात्री तीनला जाग आली. सहाव्या दिवशी मीच तिला सांगितलं, आणि कागदावर तिने तारीख टाकली. मॅडमशी बोललो, दोन आठवडे बघू म्हणाल्या, सकाळचं फिरणं चुकवू नका. रोज सकाळी उठल्यावर ती मला वेळ विचारायची आणि कागदावर लिहायची. तीन, सव्वातीन, तीन, चार. नवव्या दिवसापुढे तिने साडेपाच लिहिलं, आणि चहा ठेवायला गेली.